गवत, कबुतर आणि लाल पट्टी

जपानमध्ये रात्री एखादं लाइव्ह सुरू होतं, तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात चॅटमधून जे शब्द धावतात त्यातले निम्मे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. कुणी ‘वाकोत्सु’ लिहितं. कुणी ‘शोकेन देसु’, म्हणजे ‘पहिल्यांदाच आलोय’. स्ट्रीमर, म्हणजे लाइव्ह करणारी, बोलतेय पण माइक बंदच राहिलाय, हे लक्षात आलं की ‘म्यूतो, म्यूतो’ असा गलका होतो आणि माइक लागला की सगळीकडून ‘कुसा’, म्हणजे गवत. गाणं संपलं की ८८८८८८. पुण्यात जपानी शिकून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या वरच्या पातळ्या पार केलेली मुलंही या अर्ध्या मिनिटात गडबडतात. भाषांतराचं यंत्र तर ‘गवत’ आणि ‘आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे अठ्ठ्याऐंशी’ अशी उत्तरं देऊन मोकळं होतं.

या बोलीवर जपानमधल्या वडीलधाऱ्यांचा राग जुना आहे. ‘कोतोबा नो मिदारे’, म्हणजे भाषेची विस्कटलेली घडी, हा तिथे वर्तमानपत्रांतून आणि शिक्षकांच्या बैठकांतून सतत ऐकू येणारा शब्द. तिथली सांस्कृतिक व्यवहार संस्था १९९५ पासून भाषेविषयी जनमत पाहणी करत आली आहे आणि तिचे निकाल आले की ‘तरुणांची भाषा बिघडली का’ ही चर्चा नव्याने रंगते. माझं म्हणणं असं की ही काळजी चुकीच्या शब्दांवर खर्च होते आहे. प्रेक्षकांनी एकमेकांशी नीट वागता यावं म्हणून जे शब्द घडवले ते त्या जागेचे रीतिरिवाज आहेत आणि ते जपायला हवेत. काळजी करायचीच असेल तर लाइव्हमधल्या पैशांच्या शब्दांची करावी, कारण ते खर्चाला खर्च म्हणतच नाहीत.

आधी रीतीचे शब्द पाहू. ‘वाकोत्सु’चा जन्म निकोनिको या जपानी व्हिडिओ सेवेवर झाला. ती सेवा डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली, वर्षभराने तिच्यावर लाइव्ह आलं आणि २००८ मध्ये सामान्य वापरकर्त्यांनाही लाइव्ह करता येऊ लागलं. तेव्हा एका वेळी ३० मिनिटंच मिळायची. या अर्ध्या तासाच्या तुकड्याला ‘वाकु’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ चौकट. जागा मोजक्या, लाइव्ह करणारे पुष्कळ, म्हणून वाकु मिळवायला रांगेत थांबावं लागे. अर्धा तास संपला की प्रक्षेपण तुटायचं. मग पुन्हा रांग, नवी चौकट, आणि प्रेक्षक जुन्या पानावरून उठून नव्या पानावर. हे सोसून कुणी लाइव्ह सुरू केलं की आलेला माणूस आधी म्हणायचा, ‘वाकु मिळवलीस, दमली असशील’. ‘दमलात’ यासाठी जपानीत ‘ओत्सुकारे’ हा रोजचा शब्द आहे. कामावरून निघताना सहकाऱ्याला म्हणतात तो. ‘वाकु’ आणि ‘ओत्सुकारे’ एकत्र आटले आणि ‘वाकोत्सु’ झाला. घरी आलेल्या माणसाला आपण ‘या, दमला असाल’ म्हणतो, त्याच जातीचं हे बोलणं. फक्त इथे पाहुणा यजमानाला म्हणतो. आज यूट्यूबवर चौकटीची मर्यादाही नाही आणि रांगही नाही, तरी शब्द टिकला. समोरच्याने आपल्यासाठी काही तयारी केली आहे, हे आल्याआल्या मान्य करण्याची सवय त्यात उरली आहे. या शब्दाला भाषेचा बिघाड म्हणणाऱ्यांनी तो आधी नीट उलगडून पाहावा.

याचाच भाऊ ‘उपोत्सु’, व्हिडिओ चढवल्याबद्दलचा. त्याची घडण कळफलकावरची आहे. जपानी टंकलेखनात रोमन अक्षरं दाबली की त्यांची जपानी अक्षरं होतात. ‘अप’ लिहायला यू आणि पी दाबलं की यूचं ‘उ’ होतं, पण पीला पुढे स्वर नसल्यामुळे तो तसाच लोंबकळत राहतो. ती अर्धवट अवस्थाच लोकांना आवडली आणि व्हिडिओ चढवणारा ‘उपुनुशी’ झाला. ‘नुशी’ म्हणजे धनी, मालक. निकोनिकोवर लाइव्ह करणारा तो ‘नामानुशी’. ‘नामा’ म्हणजे कच्चं, ताजं, थेट. फोनवर फोनेटिक मराठी टाइप करताना शेवटचा स्वर दाबायचा राहून पाय मोडलेलं अक्षर तसंच निघून गेलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याला या शब्दाची गंमत लगेच कळेल.

८८८८ ही टाळी आहे. आठला जपानीत ‘हाची’ म्हणतात, टाळीचा आवाज ‘पाची पाची’. जितके आठ तितक्या टाळ्या. आकड्यांतून शब्द काढण्याची ही खोड इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे, दुकानांचे फोन नंबर लक्षात राहावेत म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. निकोनिकोवर नाव लपवून लिहायचं असेल तर १८४ ही आज्ञा द्यायची: एक ‘इ’, आठ ‘या’, चार ‘यो’, मिळून ‘इयायो’, म्हणजे ‘नाही बाई’. पुढे याच खेळाचा एक सरकारी आकडा येणार आहे, म्हणून हा लक्षात ठेवावा.

टाळीची एक तांत्रिक अडचण आहे आणि बाहेरच्यांना ती दिसत नाही. यूट्यूबवर लाइव्हचा उशीर तीन प्रकारे ठरवता येतो: सामान्य, कमी आणि अतिशय कमी. सामान्य ठेवला तर चित्र स्थिर राहतं, पण गाणं संपल्यावर ८८८८ पोचायला दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर गायिका पुढचं बोलायला लागलेली असते आणि टाळी भलत्याच वाक्यावर पडते. उशीर अगदी कमी केला तर टाळी वेळेवर येते, पण ज्यांचं नेट कमजोर आहे त्यांचं चित्र ‘काकु-काकु’ होतं, म्हणजे अडखळत, झटके खात चालतं. म्हणून गाण्याच्या लाइव्हला, ज्याला ‘उतावाकु’ म्हणतात, दोन गाण्यांच्या मध्ये पाण्याचा घोट घेण्याइतकी जागा ठेवावी लागते. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर नट ठरावीक पवित्र्यात थबकला की मागच्या जागांवरचे जाणकार त्याच्या घराण्याचं नाव पुकारतात. इचिकावा दान्जुरोच्या घराण्यासाठी ‘नारितायाऽ’. ती हाक क्षणभर आधी किंवा नंतर पडली तर प्रवेश मोडतो. आपल्या टाळीला जागा कुठे आहे हे जपानी प्रेक्षक फार पूर्वीपासून ओळखून आहे, ८८८८ हे त्याचंच आजचं रूप.

‘कुसा’बद्दल थोडक्यात. हसण्याला ‘वाराइ’ म्हणतात, त्याचं पहिलं रोमन अक्षर डब्ल्यू. हसू आलं की एक डब्ल्यू, जास्त आलं की ओळीने दहा. ओळीने लिहिलेले डब्ल्यू गवताच्या पात्यांसारखे दिसतात, म्हणून ‘गवत उगवलं’, आणि फारच हसू आलं तर ‘मोठं कुरण’. निकोनिकोवर शब्द चित्राच्या अंगावरूनच उजवीकडून डावीकडे सरकतात. त्यांची गर्दी झाली की तिला ‘दानमाकु’, म्हणजे गोळ्यांचा पडदा म्हणतात. तो शब्द विमानांच्या जुन्या व्हिडिओ गेममधला. चीनच्या बिलिबिलीने ही पद्धत शब्दासकट उचलली.

आता कबुतर. या बोलीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द हा आहे. चार-सहा स्ट्रीमर एकच खेळ एकत्र खेळत असतात आणि प्रत्येकाचं लाइव्ह वेगळं चालू असतं. समजा खेळ ‘अमंग अस’ आहे, ज्यात एकजण लपलेला मारेकरी असतो आणि बाकीच्यांनी त्याला ओळखायचं असतं. प्रेक्षक मात्र कुणाच्याही खिडकीत डोकावू शकतो. तो पहिल्या लाइव्हवर पाहतो की मारेकरी अमुक आहे आणि दुसऱ्या लाइव्हवर जाऊन लिहितो, ‘तिच्यापासून जप’. खेळ तिथेच संपला. चाळीस मिनिटांची मेहनत एका ओळीने वाया गेली. निरोप वाहून नेणाऱ्या या माणसाला ‘हातो’ म्हणतात, म्हणजे कबुतर. नेलेली बातमी वाईटच असते असंही नाही. ‘तिकडे तुमचं फार कौतुक चाललंय’ असं प्रेमाने सांगणाराही हातोच, कारण तिकडचं बोलणं तिकडच्या लोकांपुढे केलेलं असतं. ते कुणी, कधी आणि कुठे न्यायचं हा निर्णय बोलणाऱ्याचा. हा भेद इतक्या बारकाईने एका पक्ष्यात मावणं ही साधी गोष्ट नाही. व्हॉट्सॲपवरचा एका गटातला मजकूर दुसऱ्या गटात टाकून भांडणं लावणाऱ्याला आपल्याकडे इतका नेमका शब्द नाही. ‘चुगलखोर’ म्हटलं की हेतू वाईटच धरला जातो, ‘हातो’मध्ये हेतू चांगला असूनही चूक धरता येते.

कबुतराचा बंदोबस्त शब्दाने पुरा होत नाही, त्याला व्यवस्थाही लागते. व्हिडिओखालच्या माहितीच्या चौकटीत नियम स्पष्ट लिहायचा: दुसऱ्या लाइव्हचं नाव इथे स्ट्रीमरने स्वतः काढल्याशिवाय काढू नये. यूट्यूबच्या नियंत्रण पानावर ३० किंवा ६० सेकंदांचा मुद्दाम उशीर लावता येतो. फसवणुकीच्या खेळात तो लावावा, म्हणजे बातमी पोचेपर्यंत ती शिळी होते. चॅटचा वेग कमी करावा, म्हणजे एका माणसाला ठरावीक सेकंदांत एकच ओळ लिहिता येते. खेळणाऱ्यांची नावं तेवढ्या वेळापुरती अडवलेल्या शब्दांच्या यादीत घालावीत. यात एक घोटाळा नेहमी होतो: यादीत घातलेलं टोपणनाव एखाद्या साध्या शब्दाचा भाग असेल तर निम्मं चॅट मूक होतं आणि लोकांना वाटतं आपल्याला हाकललं. म्हणून यादी लावल्यावर दुसऱ्या खात्यातून दोन-चार साधी वाक्यं टाकून पाहावीत.

कबुतराच्या शेजारी ‘शिजिचू’ बसतो. ‘शिजि’ म्हणजे सूचना. ‘डावीकडे जा, ते दार उघड, तलवार बदल’ असं सतत सांगणारा. ‘चू’ची व्युत्पत्ती मजेशीर आहे. माध्यमिक शाळेतल्या पोराला तुच्छतेने ‘चूबो’ म्हणत. १९९९ मध्ये निघालेल्या निचानेरु या चर्चापटावर लोकांनी तो शब्द त्याच उच्चाराच्या, पण ‘स्वयंपाकघर’ अर्थाच्या चित्रलिपीत लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून पोरकटपणाच्या प्रत्येक प्रकाराला स्वयंपाकघराचं चिन्ह चिकटलं. आणि या बोलीने स्वतःच्या शिस्तीच्या अतिरेकालाही नाव दिलं आहे. नवख्याने चूक केली की दहा जण त्याच्या अंगावर धावून येतात, चॅट फक्त रागवारागवीने भरतं आणि मूळ चुकीपेक्षा दुरुस्तीचाच त्रास मोठा होतो. अशा स्वयंघोषित हवालदाराला ‘जिचिचू’ म्हणतात; ‘जिचि’ म्हणजे स्वराज्य. नियम मोडणारा आणि नियमाचा दंडुका करणारा, दोघांनाही एकाच प्रत्ययात बांधणारी बोली बिघडलेली कशी म्हणायची? ती तर आपली आपण राखलेली आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. हीच कल्पकता शिवीगाळ लपवायलाही वापरली जाते. ‘मर’ या अर्थाचं क्रियापद अडवलेल्या शब्दांत असतं, तर लोक त्याचा पहिला उच्चार ‘शि’ हा ‘श्री’ अर्थाच्या चिन्हाने लिहितात. वाचताना उच्चार तोच, यंत्राला मात्र आदरार्थी शब्द दिसतो. कुणी मृत्यूच्या चित्रलिपीचा खालचा भाग फोडून ‘ता’ आणि ‘हि’ अशी दोन अक्षरं करतं. भिकाऱ्यासाठीचा अपमानकारक शब्द ‘कोजिकी’ चालत नाही, म्हणून इ.स. ७१२ मधल्या ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथाचं नाव लिहितात. समोर बसलेल्या एकट्या माणसाच्या अंगावर हे रोज रात्री पडत असतं. ही बाजू झाकून या बोलीची बाजू घेता येणार नाही.

पण मग उपाय काय? शब्दांवर बंदी हा उपाय नाही, कारण उद्या तिसरं चिन्ह सापडेल. बोली जाणणारी माणसं लागतात. जपानने या दिशेने दोन पावलं टाकली आहेत. २०२० मध्ये एका तरुण महिला कुस्तीपटूचा इंटरनेटवरच्या छळानंतर मृत्यू झाला, त्यानंतर अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढली. आधी ती ३० दिवसांहून कमी कोठडी किंवा १०,००० येनपेक्षा कमी दंड इतकीच होती. ७ जुलै २०२२ पासून एक वर्षापर्यंत कैद किंवा ३,००,००० येनपर्यंत दंड. दुसरं पाऊल १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याचं. मोठ्या सेवांनी मजकूर काढण्याच्या अर्जावर सर्वसाधारणपणे सात दिवसांत निर्णय कळवायचा आणि जाणकार तपासनीस नेमायचे, असं त्यात आहे. त्या तपासनिसाला ‘श्री’मागचा ‘मर’ वाचता आला पाहिजे. तो व्याकरणशुद्ध जपानीच जाणणारा असला तर अर्ज करणाऱ्याचा काही उपयोग नाही. म्हणजे बोली शिकणं हीच इथे संरक्षणाची पहिली अट आहे.

चित्रमय पात्रांच्या मागून लाइव्ह करणाऱ्या व्हीट्यूबरांची बोली रीतीचे शब्द आणि पैशांचे शब्द यांच्या मध्यावर कुठेतरी आहे. किझुना आय हे पात्र २०१६ च्या अखेरीस आलं आणि दोन वर्षांत हे विश्व फोफावलं. पात्रामागचं माणूस म्हणजे ‘नाका नो हितो’, आतला माणूस. त्याने आधी दुसऱ्या नावाने केलेलं काम म्हणजे ‘झेन्से’, पूर्वजन्म. नव्या पात्रात येणं म्हणजे ‘तेन्सेइ’, पुनर्जन्म. बौद्ध विचारातून आलेले हे शब्द मराठी वाचकाला परके वाटू नयेत. पूर्वजन्माबद्दल चॅटमध्ये अवाक्षर काढायचं नाही, हा नियम माणसाचं खरं नाव, पत्ता आणि चेहरा वाचवतो. पण काम सोडण्याला ‘सोत्सुग्यो’, म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं म्हणतात, तिथे मला थांबावंसं वाटतं. ‘आयडॉल’ म्हणवल्या जाणाऱ्या तरुण गायिकांच्या जगातून आलेला हा शब्द निरोप गोड करतो आणि खाली एक करार संपला आहे हे विसरायला लावतो. चाहते आता कंपनीच्या निवेदनात ‘पदवी’ आहे की ‘करारभंगामुळे समाप्ती’ हे डोळ्यात तेल घालून पाहतात, ते योग्यच करतात.

आता पैशांकडे येऊ.

‘नागेसेन’ म्हणजे फेकलेली नाणी. रस्त्यावरच्या कलाकाराच्या चटईवर पडायची ती. तिचा नाट्यगृहातला प्रकार ‘ओहिनेरी’: नाणी कागदात घालून पीळ द्यायचा आणि पुडी रंगमंचावर टाकायची. संगीत बारीत किंवा ढोलकीच्या फडात दौलतजादा पाहिलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. नोट पुढे येते, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, तीच ओळ त्याच्यासाठी पुन्हा म्हटली जाते. लाइव्हच्या शेवटी नावं वाचण्याचा जो कार्यक्रम होतो, ज्याला ‘सुपाचा-योमी’ म्हणतात, तो याहून निराळा नाही. यूट्यूबने २०१७ च्या सुरुवातीला सुपर चॅट, म्हणजे पैसे देऊन चॅटमध्ये रंगीत पट्टी झळकवण्याची सोय, आणलं आणि जपानी तोंडात त्याचं ‘सुपाचा’ झालं.

रचना अशी. १०० येनपासून १९९ पर्यंत निळी पट्टी, त्यात संदेशही लिहिता येत नाही. २०० ला फिकट निळी, ५० अक्षरं. ५०० ला हिरवी, १५० अक्षरं, आणि पट्टी चॅटच्या माथ्यावर २ मिनिटं टिकते. १,००० ला पिवळी, ५ मिनिटं. २,००० ला नारिंगी, १० मिनिटं. ५,००० ला किरमिजी, ३० मिनिटं. १०,००० ला लाल, एक तास. ५०,००० ला तीच लाल पाच तास. या लालला ‘आकासुपा’ म्हणतात. या पायऱ्या नीट पाहा. रक्कम वाढते तसा रंग तापतो, वेळ वाढते, अक्षरं वाढतात, आणि बोलीत जे उरतं ते फक्त रंगाचं नाव. ‘लाल टाकली’ म्हणताना तोंडातून दहा हजार हा आकडा निघतच नाही. टोकियोत ऑक्टोबर २०२४ पासूनचं किमान वेतन तासाला १,१६३ येन होतं. दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या मुलीची एक लाल पट्टी म्हणजे त्या दराने साडेआठ तासांहून जास्त उभं राहणं. त्यातले ३० टक्के यूट्यूब घेतं. उरलेल्यात स्ट्रीमर कंपनीशी बांधलेली असेल तर कंपनीचाही वाटा.

बाकीचे शब्दही असेच निसटते आहेत. आवडत्या स्ट्रीमरवर, म्हणजे ‘ओशी’वर, खर्च करण्याला ‘ओफुसे’ म्हणतात. ओफुसे म्हणजे भिक्षूला दिलेलं दान. ‘फुसे’ हा संस्कृत ‘दान’ या शब्दाचा जपानमध्ये पोचलेला अनुवाद. भरपूर देणाऱ्याला ‘सेकियुओ’ म्हणतात, तेलाचा राजा. सतत देत राहणं म्हणजे ‘मित्सुगु’, खंडणी अर्पण करणं. सर्वांत विलक्षण गोष्ट ‘काकिन’ची. या शब्दाचा अर्थ शुल्क आकारणं. ते कंपनी करते. आज चाहते ‘मी काकिन केलं’ म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘मी पैसे भरले’. वीजमंडळाचं बिल भरून आल्यावर एखाद्याने ‘मी आकारणी करून आलो’ म्हणावं तसं. भरणारा आकारणाऱ्याच्या जागी जाऊन बसला आणि कुणाला वावगं वाटलं नाही. भाषेची घडी विस्कटल्याचं उदाहरण हवं असेल तर हे घ्यावं.

नाणी फेकणं, दान, खंडणी, तेलाचा राजा. यातला एकही शब्द खरेदीचा नाही. प्रत्येक शब्द ज्या जगातून आला तिथे एक मर्यादा आपोआप होती. चटईवर नाणी टाकणाऱ्याच्या खिशाला तळ होता. दौलतजादा करणाऱ्याची बाही ओढायला शेजारी मित्र होता आणि खिशातून जाणारी नोट त्याच्या हाताला जाणवत होती. फोनवर कार्ड आधीच साठवलेलं असतं, खोलीत दुसरं कुणी नसतं, आणि पट्टी वर चढून स्ट्रीमरने नाव घेईपर्यंत काही सेकंदच जातात. शब्द जुना राहिला, त्याच्यासोबतची मर्यादा मात्र गळून पडली.

यावर म्हणतात की सज्ञान माणसाने स्वतःचे पैसे कुठे घालावेत हे इतरांनी का सांगावं, आणि लहान स्ट्रीमरांचं पोट यावरच चालतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. नागेसेन बंद करा असं मी म्हणत नाही. रोज रात्री दोन तास गाणाऱ्या मुलीला जाहिरातींतून फारसं काही मिळत नाही, आणि तिला थेट पैसे देता येणं ही चांगली सोय आहे. पण तिला खरा आधार ठरलेल्या रकमेचा आहे. मासिक सभासदत्व कित्येक वाहिन्यांवर ४९० येनला असतं. ते दर महिन्याला तेवढंच जातं, देणाऱ्याला आधी माहीत असतं, घेणाऱ्याला हिशेब लावता येतो. लाल पट्टीची गरज कलाकाराच्या पोटापेक्षा पट्ट्यांच्या त्या चढत्या रचनेला जास्त आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बटणाच्या वर ‘या महिन्यात तुम्ही इतके येन दिले’ हा आकडा ठळक दिसावा. तो सेवेकडे असतोच. लाल पट्टीच्या शेजारी किमान वेतनाचे तास लिहा असं मी म्हणणार नाही, पण आकडा तरी लिहा. स्ट्रीमरांनी नावं वाचताना निळ्या आणि लाल पट्टीला सारखाच वेळ द्यावा. हे त्यांच्या हातात आहे. आणि शाळेत इंटरनेटच्या तासाला ‘कुसा म्हणू नका’ हे सांगण्याऐवजी ‘काकिन’ फळ्यावर लिहून कोण कोणाला पैसे देतं याचा बाण मुलांकडून काढून घ्यावा. दहा मिनिटांचं काम आहे.

मुलांचा प्रश्न कायद्याने निम्मा सोडवला आहे. जपानच्या दिवाणी संहितेच्या कलम ५ नुसार पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाने केलेला व्यवहार रद्द करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ झालं, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्यांचं हे कवच गेलं, आणि लाल पट्ट्यांचा मोह नेमका त्याच वयात तीव्र असतो. खाऊचे पैसे म्हणून मोकळे दिलेले असतील तर तेही परत मागता येत नाहीत. ‘मी १८ वर्षांचा आहे’ हे बटण मुलाने खोटं दाबलं असेल तर वाद तिथे अडतो. नुसत्या बटणाने हक्क जातोच असं नाही, पण मुलाने आणखी काय काय केलं ते तपासलं जातं.

टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी घरांतली काही मुलं जपानी शाळांत जातात आणि वर्गमित्रांसोबत हीच लाइव्ह पाहतात. कार्डाच्या विवरणात अनोळखी रक्कम दिसली तर आधी व्यवहार कुणाच्या खात्यातून आणि कुठल्या ॲप स्टोअरमधून झाला ते पाहावं, कारण परताव्याचा अर्ज तिकडेच करावा लागतो. पावत्यांचे ईमेल पुसू नयेत. मुलाच्या फोनवरचा खरेदीचा इतिहास तारखांसह टिपून ठेवावा. पहिली रक्कम आणि सर्वांत मोठी रक्कम या दोन्हींच्या दिवशी फोन कुणाच्या हातात होता ते लिहावं. संतापून खातं बंद करू नये, नाहीतर पुरावाच हातातून जातो. मग १८८ ला फोन करावा. हा देशभरातल्या ग्राहक मदत केंद्रांशी जोडून देणारा क्रमांक २०१५ मध्ये सुरू झाला. एक ‘इ’, आठ ‘या’, आठ ‘या’: ‘इयाया’, म्हणजे ‘नको रे बाबा’. सरकारने लोकांच्या लक्षात राहावं म्हणून निकोनिकोच्या १८४ चीच युक्ती वापरली आहे. आणि फोन करण्याआधी मुलाशी बोलताना ‘सुपाचा केलास का’ असं विचारू नये, तो ‘थोडंसंच’ म्हणेल. किती येन, ते विचारावं.